एका लिंबातली दोन आम्लं: जी६पीडी कमतरतेचा इतिहास आणि मुंबई परिसर

आजचं व्याख्यान इतिहासाचं आहे, औषधोपचाराचं नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. पण विषय असा निवडला आहे, की भाईंदर, मिरा रोड, काशिमीरा, उत्तन या पट्ट्यातल्या घरांत तो कधी ना कधी येतोच.

बाळ जन्मतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ चढते, रक्त तपासलं जातं आणि कागदावर येतं: ‘जी६पीडी डेफिशियंट’. घरी येताना हातात एक यादी असते. ही औषधं देऊ नका, डांबरगोळ्या ठेवू नका, मेंदी लावू नका, बाकला खाऊ घालू नका. मग ती यादी फोनवरून फिरते आणि फिरता फिरता वाढते. तिच्यात ‘व्हिटॅमिन सी’ असतं, त्याच्याखाली कोणीतरी ‘लिंबू, संत्रं’ लिहितं, आणि त्याच्याही खाली ‘सायट्रिक अ‍ॅसिड’. आता सायट्रिक अ‍ॅसिड कुठं नाही? सरबतात आहे, जॅममध्ये आहे, गोळ्या-चॉकलेटात आहे, ढोकळ्यात आहे. वाण्याकडे ‘लिंबूफूल’ म्हणून जे खडे मिळतात, ते हेच. एवढं सगळं बंद करायचं म्हटलं तर त्या मुलानं खायचं तरी काय?

म्हणून प्रश्न असा घेऊ: सायट्रिक आम्लाचा आणि या आनुवंशिक आजाराचा संबंध आहे का? आमचं उत्तर आहे, की संबंध आहे आणि चांगला जुना आहे. पण तो जिथं शोधला जातो तिथं, म्हणजे ताटात, नाही. तो कुठं आहे ते क्रमानं पाहू.

आधी आजार थोडक्यात. जी६पीडी, म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज, हे एक विकर, एन्झाइम. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्यांत एक्स एकच, त्यामुळे आईकडून बिघडलेली प्रत आली की कमतरता पूर्ण दिसते. मुलींत दोन एक्स असतात, त्यामुळे चित्र मिश्र असतं. अमेरिकेतले अर्नेस्ट बॉइटलर यांनी १९६२ मध्ये दाखवलं, की अशा स्त्रीच्या रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी फिरत असतात, काही विकर असलेल्या, काही नसलेल्या. ही कमतरता असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर ठणठणीत राहतात. विशिष्ट औषध, विशिष्ट अन्न किंवा जंतुसंसर्ग आला की मात्र लाल पेशी भराभर फुटतात. लघवी काळसर लाल होते, डोळे पिवळे होतात, हिमोग्लोबिन एकदम घसरतं.

लिंबातला गोंधळ

आता लिंबाकडे येऊ. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. त्यात व्हिनेगर होतं, पातळ केलेलं गंधकाम्ल होतं, सायडर होतं, आणि संत्री-लिंबंही होती. संत्री-लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर उठले. पण गंधकाम्ल आणि व्हिनेगर या यादीत मुळात आले का, ते बघा. त्या काळी समजूत होती, की स्कर्व्हीवर गुण येतो तो आंबटपणाचा. लिंबू आंबट, म्हणून लिंबू औषध.

१७८४ मध्ये स्वीडनच्या कार्ल शीलेनं लिंबाच्या रसातून स्फटिक वेगळे केले. तेच सायट्रिक आम्ल. लिंबाचा ‘अर्क’ सापडला असं वाटणं स्वाभाविक होतं. पण स्कर्व्हीवर त्याचा काही उपयोग झाला नाही. तरी आंबटपणाची समजूत गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ब्रिटिश आरमारानं भूमध्य प्रदेशातल्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजची छोटी हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात केली. ती चांगली आंबट होती, मग अडचण काय? १८७५ च्या ब्रिटिश उत्तर ध्रुव मोहिमेत लिंबाचा रस सोबत असूनही माणसं स्कर्व्हीनं आजारी पडली. रस आंबट होता, पण जे हवं होतं ते त्यात फारसं उरलेलं नव्हतं.

जे हवं होतं, ते सापडायला १९२८ ते १९३२ ही वर्षं उजाडावी लागली. हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी केंब्रिजमध्ये एक पदार्थ वेगळा केला आणि पुढे तोच ‘क’ जीवनसत्त्व ठरला. स्कर्व्ही घालवणारं म्हणून त्याला ॲस्कॉर्बिक आम्ल हे नाव मिळालं.

तर एका लिंबात दोन आम्लं. जिभेला लागतो तो आंबटपणा जवळजवळ सगळा सायट्रिकचा, रसाच्या साधारण पाच-सहा टक्के. ॲस्कॉर्बिक त्यात अगदी थोडं, एका लिंबामागे काही मिलिग्रॅम. दोघांची रचना वेगळी, काम वेगळं. ॲस्कॉर्बिक आम्ल इलेक्ट्रॉन देतं-घेतं, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या खेळात उतरतं. सायट्रिक त्या अर्थानं शांत आहे. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बर्लिनची एक प्रयोगशाळा, दोन वाटा

दुसरा धागा बर्लिनचा. डालेममध्ये ऑटो वारबुर्ग यांची प्रयोगशाळा होती. वारबुर्ग आणि वॉल्टर क्रिश्चन यांनी १९३१ मध्ये जे विकर शोधलं, त्यालाच आज आपण जी६पीडी म्हणतो. याच प्रयोगशाळेत १९२६ ते १९३० या काळात हान्स क्रेब्स नावाचा तरुण डॉक्टर सहायक होता. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्याला जर्मनी सोडावी लागली. तो इंग्लंडला गेला आणि शेफील्डमध्ये त्यानं १९३७ साली सायट्रिक आम्लाचं चक्र मांडलं. ‘नेचर’ नियतकालिकानं तो लेख घेतला नाही, म्हणून तो ‘एन्झायमोलॉजिया’मध्ये आला. १९५३ मध्ये क्रेब्सना नोबेल मिळालं. या चक्राच्या आधीच्या काही पायऱ्या दाखवणारे कोण, तर तेच सेंट-ग्यॉर्गी. म्हणजे लिंबातल्या दोन्ही आम्लांच्या इतिहासात हे गृहस्थ आहेत.

हे चक्र म्हणजे काय, तर पेशीची भट्टी. अन्नातून आलेला कार्बन सायट्रिक आम्लाच्या रूपानं चक्रात शिरतो आणि फिरता फिरता ऊर्जा देतो. ही भट्टी असते मायटोकाँड्रियात. आपल्या शरीरात सायट्रिक आम्ल अहोरात्र तयार होतं आणि अहोरात्र वापरलं जातं. जी६पीडी कमी असलेल्या माणसाच्या शरीरातही तसंच.

मग लाल पेशीचं वेगळं काय? परिपक्व लाल पेशीत मायटोकाँड्रिया नसतात. प्राणवायू वाहून न्यायला जागा हवी म्हणून केंद्रकही गेलं आणि भट्टीही गेली. इतर पेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारी एनएडीपीएच नावाची ढाल दोन-तीन मार्गांनी बनवता येते. त्यातला एक मार्ग सायट्रिक आम्लापासूनच निघणाऱ्या आयसोसायट्रेटचा आहे. लाल पेशीला तो परवडत नाही. तिच्याकडे एकच वाट, आणि त्या वाटेच्या दाराशी जी६पीडी. दार अरुंद असेल तर ढाल अपुरी पडते, हिमोग्लोबिन गोठून गुठळ्या होतात आणि पेशी फुटते.

म्हणून आम्ही म्हणतो, की सायट्रिक आम्लाशी या आजाराचा खरा संबंध आहे तो त्याच्या अभावाचा. लाल पेशीत सायट्रिक आम्लाचं चक्र नाही, म्हणूनच तिला जी६पीडीवाचून पर्याय नाही. एकच विकर शरीरभर कमी असूनही त्रास मुख्यतः रक्तालाच का होतो, त्याचं उत्तर हे आहे.

बाटलीतलं सायट्रेट

तिसरा धागा रक्ताच्या बाटलीचा. रक्त शरीराबाहेर आलं की काही मिनिटांत गोठतं. त्यासाठी कॅल्शियम लागतं, आणि सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. १९१४ मध्ये बेल्जियममध्ये आल्बेर उस्टँ आणि अर्जेंटिनात लुईस अगोते यांनी सायट्रेट वापरून रक्त चढवलं. १९१५ मध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड लेविसन यांनी सुरक्षित प्रमाण ठरवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्रिटनमध्ये लूटिट आणि मॉलिसन यांनी त्यात सायट्रिक आम्ल मिसळलं. द्राव आंबट झाल्यामुळे ग्लुकोजसकट तो उकळून निर्जंतुक करता येऊ लागला आणि रक्त तीन आठवडे टिकू लागलं. याला एसीडी म्हणतात: ॲसिड, सायट्रेट, डेक्स्ट्रोज. आपल्याकडच्या रक्तदान शिबिरात पिशवीच्या तळाशी जो पाण्यासारखा द्राव दिसतो, त्यात आजही सायट्रिक आम्ल असतं.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा, की वस्तीत जाऊन रक्त घ्यायचं, ते न गोठू देता प्रयोगशाळेपर्यंत आणायचं आणि मग विकर मोजायचं, हे अशा द्रावांमुळे शक्य झालं. एसीडीत थंड ठेवलेल्या रक्तात जी६पीडी चांगलं टिकतं. दुसरं म्हणजे, ज्या मुलाच्या पेशी एकदम फुटतात, त्याला जे रक्त चढवून वाचवतात, ते सायट्रेटमध्येच ठेवलेलं असतं. ज्या पदार्थाची घरात धास्ती, तोच पदार्थ बाळाला चढवलेल्या रक्तात होता, हे पालकांना कोणी सांगत नाही.

तुरुंगातून आलेलं ज्ञान

आजार ओळखला गेला कसा? इथं इतिहास जरा जड होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला मलेरियावर औषध हवं होतं. १९४४ पासून इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कैद्यांना मुद्दाम मलेरियाचे डास चावू दिले आणि औषधं तपासली. कैद्यांनी संमतीपत्रं दिली होती. पण शिक्षेत सूट मिळण्याची आशा असलेल्या बंदिवानाची संमती किती मोकळी असते? न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालला, तेव्हा बचाव पक्षानं याच प्रयोगांकडे बोट दाखवलं होतं.

इथंच प्रायमाक्विन तपासलं गेलं आणि इथंच दिसलं, की कृष्णवर्णीय कैद्यांपैकी साधारण दहा टक्क्यांचं रक्त या औषधानं फुटतं. १९५४ मध्ये डर्न, आल्व्हिंग आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी क्रोमियमनं खूण केलेल्या पेशींची अदलाबदल केली. संवेदनशील माणसाच्या पेशी निरोगी माणसात घातल्या तरी त्या औषधानं फुटल्या. निरोगी पेशी संवेदनशील माणसात टिकल्या. दोष पेशीतच होता. १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये त्या दोषाचं नाव सांगितलं: जी६पीडीची कमतरता. वारबुर्गचं विकर पंचवीस वर्षांनी आजाराला जोडलं गेलं. आज जगभर मुलांना जे ज्ञान वाचवतं, ते ज्यांच्या रक्तावर लिहिलं गेलं त्या कैद्यांची नावं कोणी घेत नाही, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

मुंबई, पारशी, आणि कल्याणचे कोळी

आता घराकडे येऊ. मुंबईत मलेरिया जुनाच. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला. दोष निघाला घराघरांतल्या विहिरींचा, त्यात वाढणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफेन्सी डासाचा. विहिरी बंद करायच्या म्हटल्यावर पारशी आणि इतर समाजांकडून धार्मिक कारणांनी विरोधही झाला.

रक्ताच्या अभ्यासात मुंबई तेव्हापासूनच पुढे होती. १९५२ मध्ये केईएममध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. १९५७ मध्ये इथं रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं, ज्याची पुढे राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था झाली. परळच्याच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये एल. डी. संघवी मुंबईतल्या वेगवेगळ्या जातिसमूहांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करत होते. बक्षी, बालकृष्णन आणि संघवी यांनी १९६१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मुंबईतल्या नमुन्यावरून जी६पीडी कमतरतेची नोंद केली. शिकागोच्या लेखानंतर अवघ्या पाच वर्षांत! १९६३ मध्ये मुंबईतल्या पारशी समाजाचा स्वतंत्र अभ्यास आला. तिथं हे प्रमाण लक्षणीय निघालं. इराणपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात ही कमतरता मुळात जास्त आढळते, हे ध्यानात घेतलं तर त्याचं फार नवल वाटत नाही.

मग आपला ठाणे जिल्हा. १९८४ मध्ये इश्वाद आणि नाईक यांनी एका कोळी कुटुंबात विकराचा एक नवा प्रकार नोंदवला आणि त्याला नाव दिलं ‘जी६पीडी कल्याण’. वैद्यकाच्या जागतिक कोशात आपल्या शेजारच्या गावाचं नाव अशा रीतीनं गेलं. १९९२ मध्ये लंडनमधल्या आणि भारतीय संशोधकांनी मिळून दाखवलं, की ‘कल्याण’ आणि केरळात सापडलेला ‘केरळ’ हे दोन्ही प्रकार एकाच जनुकबदलातून येतात: विकराच्या साखळीत ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. म्हणून आता त्याला ‘केरळ-कल्याण’ म्हणतात. १९९५ मध्ये ‘ओरिसा’ प्रकार आला, जो आदिवासी समाजांत जास्त दिसतो. इतर समाजांत ‘मेडिटरेनियन’ प्रकार जास्त. २००४ मध्ये मुंबईच्या संस्थेतल्या मोहंती, मुखर्जी आणि कोलाह यांनी आढावा घेतला, तेव्हा भारतातल्या निरनिराळ्या समूहांत हे प्रमाण शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत असल्याचं आलं.

एवढं प्रमाण का? कमतरता असलेल्यांना फाल्सिपेरम मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी, जंगलात, विहिरींच्या शेजारी जगलेल्यांच्या रक्तात ही खूण राहिली. हा कोणा जातीचा दोष नाही. लग्न जमवताना हे लपवायचं काही कारण नाही, आणि आईला बोल लावायचं तर मुळीच नाही.

यादी वाढते कशी

आता पुन्हा त्या यादीकडे. ‘व्हिटॅमिन सी’ तिच्यात आलं, त्यामागे खरी घटना आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत एक प्रकरण छापून आलं. हात भाजलेल्या एका ६८ वर्षांच्या माणसाला शिरेतून दिवसाला ८० ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल दोन दिवस दिलं गेलं. त्याला जी६पीडीची कमतरता होती. पेशी फुटल्या, मूत्रपिंडं बंद पडली, तो दगावला. ८० ग्रॅम! एका लिंबात २० मिलिग्रॅम धरले तरी ही झाली दिवसाला चार हजार लिंबं. इतक्या मात्रेत ॲस्कॉर्बिक आम्लापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ढाल नसलेली पेशी टिकत नाही. म्हणून शिरेतून मोठ्या मात्रेत दिलं जाणारं ‘क’ जीवनसत्त्व टाळायचं, हे बरोबरच आहे. पण तिथून ‘लिंबू नको’ आणि तिथून ‘सायट्रिक अ‍ॅसिड नको’ या उड्या लिंडच्या काळातल्याच आहेत: आंबट ते सगळं एक.

सायट्रिक आम्लावर असा आळ येण्याची ही पहिली वेळ नाही. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये एक पत्रक फिरू लागलं. विलज्विफच्या प्रसिद्ध कॅन्सर रुग्णालयाच्या नावानं ते वाटलं गेलं, आणि त्या रुग्णालयाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्यात ई-३३०, म्हणजे सायट्रिक आम्ल, सर्वांत घातक कर्करोगकारक म्हणून दिलं होतं. मूळ कुठं असावं? जर्मनमध्ये ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा आणि कर्करोगसुद्धा. ‘क्रेब्स चक्र’ या नावाचा कोणीतरी असा अर्थ लावला असावा, असं मानलं जातं. ते पत्रक वर्षानुवर्षं फिरत राहिलं, शाळांत वाटलं गेलं, आणि कोणी तपासलं नाही.

आपल्याकडे तसंच बाकल्याचं झालंय. इंग्रजी यादीत ‘बीन्स’ वाचून काही घरांत वाल, पावटा, घेवडा सगळंच बंद होतं. दोष ज्यांच्यावर येतो ती व्हिसिन आणि कॉन्व्हिसिन ही द्रव्यं बाकल्यात असतात. वाल ही वेगळ्या प्रजातीतली शेंग. बिरड्याला उगाच शिक्षा कशाला? उलट कपाटातली डांबरगोळी आणि तान्ह्या बाळाच्या हातापायांना लावलेली मेंदी, या दोहोंनी पेशी फुटल्याच्या नोंदी खऱ्या आहेत. आपल्या घरांत बाळंतविडा डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतूनच निघतो. यादी वीस ओळींची झाली की ही ओळ नजरेतून सुटते. लांब यादीचा धोका हाच असतो.

खरी काळजी कुठे

आता शेवटचा मुद्दा. इथं खाडी आहे, मिठागरं आहेत, नव्या इमारतींची बांधकामं आहेत, पाण्याच्या उघड्या टाक्या आहेत. व्हायव्हॅक्स मलेरिया झाला की यकृतात लपलेला जंतू मारायला प्रायमाक्विन लागतं, आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १४ दिवस. तेच औषध, स्टेटव्हिलचं. कार्यक्रमाच्या सूचनांत स्पष्ट आहे, की जी६पीडी कमतरता असलेल्यांना ते नेहमीप्रमाणे द्यायचं नाही. त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, देखरेखीखाली देण्याचा मार्ग सांगितला आहे. स्टेटव्हिलमध्ये दिसलेला प्रकार सौम्य होता, तिथं फक्त जुन्या पेशी फुटून प्रकरण थांबायचं. आपल्याकडचा मेडिटरेनियन प्रकार तसा थांबेलच असं नाही. आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टाफेनोक्विन तर एकाच मात्रेत दिलं जातं, शरीरात बरेच दिवस राहतं. ते देण्याआधी विकर मोजलंच पाहिजे.

तेव्हा बांधकामावरचा जो मजूर ताप आला म्हणून गोळ्या घेऊन जातो, त्याचं विकर कोणी मोजलेलं असतं का? बहुतेकदा नाही. त्याला एवढं तरी सांगितलं जातं का, की लघवी काळी झाली तर गोळी थांबव आणि लगेच दवाखान्यात ये? आणि ज्या घरात तपासणी झालेली आहे, तिथं मूल सरबताला मुकतं, पण मोठेपणी मलेरिया झाल्यावर तो जुना कागद डॉक्टरांना दाखवायचं राहून जातं. काळजी चुकीच्या ठिकाणी खर्च झाली, की योग्य ठिकाणी उरत नाही.

म्हणून तो तपासणीचा कागद जपा. रेशनकार्डाबरोबर ठेवा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा, मुलाला कळतं झालं की त्याला स्वतःला सांगा. कुठलंही नवं औषध घेताना डॉक्टरांना आधी ‘जी६पीडी’ म्हणा. यादी हवी असेल तर आपल्या डॉक्टरांकडून घ्या आणि प्रत्येक ओळीला विचारा, की हे इथं का आहे. लिंबू-सरबताची ओळ असेल तर तिचंही कारण विचारा.

 प्रश्न असतील तर आता घेऊ.